दुसऱ्या जोडीची जागा

१ एप्रिल, बुध.
सकाळीच सुमनताईंचा फोन. त्यांच्या भजन मंडळाची मी रेकॉर्ड केलेली पहिली दोन भजनं, सगळ्यांचे आवाज एकमेकांत बसवून, मिक्स करून काल पाठवली होती. "भाऊ, खंजिरी लय मोठी हाय. माह्या आवाजावर बसून राह्यली." खंजिरी त्यांचे यजमान वाजवतात. म्हणून पुढे हसत, "घरात बोलू देत नाईत, आता भजनातबी नाई का?"
मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र चिडलो. खंजिरी मोठी? माझ्या मिक्समध्ये ती डाव्या स्पीकरला ठेवली आहे आणि धड ऐकूसुद्धा येत नाही. मीच दोनदा वाढवली. मोबाइलवर ऐकलं असेल, दुसरं काय.

२ एप्रिल, गुरु.
सु.ताईंनी मंदिराच्या स्पीकरवर लावून पाहिलं. तेच. त्यांच्या भाच्याने अनसिंग गावी गाडीत लावलं, तिथेही तेच. सगळ्या गावाचं चुकतं आणि माझं बरोबर, असं म्हणायला तोंड पाहिजे. माझेच स्पीकर खोटं बोलतायत. ताडून बघायला दुसरी जोडी हवी. माळ्यावर जुन्या कॉम्प्युटरचे दोन छोटे पडलेत, ते काढले. एकात पालीची अंडी.

३ एप्रिल, शुक्र.
दिवसभर हाच उद्योग. दुसरी जोडी आधी मोठ्या स्पीकरांच्या डोक्यावर. आवाज कपाळावरून निघून जातो. मग खिडकीत. नुसतं ढब ढब. शेवटी मोठ्यांच्या आतल्या बाजूला, विटांवर, कानाच्या उंचीला, तोंडं माझ्याकडे वळवून. वहिनीचा शिलाईचा टेप आणला. डावा ते मी ९५ सेंटिमीटर, उजवा ते मी ९५, दोघांमध्ये ९५. वहिनी दारातून, "भाऊजी, ब्लाऊज शिवून राह्यले का त्याईचं?"
एवढं करून खंजिरी तशीच. दूर, पातळ. मोठी जोडी तेच सांगते, छोटीही तेच. मग स्पीकरची चूक नाही. खोलीची आहे.

४ एप्रिल, शनि.
सापडलं! डाव्या भिंतीला दादाची हळद आहे. बावीस पोती, पार छताला टेकलेली. उजवी भिंत कोरी. डावीकडचा आवाज पोती पिऊन टाकतात, इतकं साधं. इतके दिवस त्यात बसून काम केलं आणि लक्षात आलं नाही.
दादाला म्हटलं, पोती पडवीत काढावी लागतील. तो म्हणाला, "आभाळ येऊन राह्यलं रे. आठ दिवस थांब, मंग रिसोडच्या बाजारात नेतोच." मला धीर धरवला नाही. काय काय बोललो ते लिहीत नाही. या घरात माझ्या कामाला किंमत नाही, इथवर गेलो. ही खोली त्यानेच मला दिली, भाजीच्या पाट्या ठेवायची स्वतःची जागा सोडून. बोलतानाही हे आठवत होतं, तरी बोललो.

५ एप्रिल, रवि.
उठलो तर खोली रिकामी. दादाने पहाटे एकट्याने सगळी पोती पडवीत नेली, वर ताडपत्री बांधली. मला हाक मारली नाही.
टाळी वाजवली तर खोली घुमते. दोन्ही भिंतींना सारख्या गोधड्या टांगल्या. दुसरी जोडी पुन्हा टेपने मोजून मांडली. भजन लावलं.
खंजिरी तशीच.
जेवताना दादा, "झालं का तुह्यं?"
"होतंय."

७ एप्रिल, मंगळ.
दुपारी तीनला वावटळ, मग गारा. ताडपत्री फाटून थेट गोठ्यावर. आम्ही तिघं धावलो, पण चार पोती भिजलीच. उकडून, वाळवून, घासून तयार केलेली हळद. वहिनी ती सतरंजीवर पसरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.
दादा म्हणाला, "चारच भिजली." एवढंच. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ एप्रिल, बुध.
वायर बदलल्या. डावा एक वीत पुढे. मागे. विटा काढून स्टूल. स्टूल काढून विटा. गोधड्या काढल्या, परत लावल्या. हळद भिजवून बसलोय, आता निदान काहीतरी सापडलं पाहिजे, नाहीतर कशासाठी...
सु.ताईंचा मेसेज: कधी होईन?

९ एप्रिल, गुरु.
भजन चालू होतं. वहिनीने चहाला हाक मारली. दार माझ्या पाठीमागे आहे, म्हणून खुर्ची तिकडे फिरवली. आणि खंजिरी एकदम मोठी झाली. सु.ताईंच्या आवाजावर बसलेली, त्या म्हणाल्या तश्शी.
स्पीकरकडे तोंड केलं, गेली. पाठ केली, आली. पाचदा फिरलो. वहिनी कप घेऊन उभी. "काय झालं भाऊजी?"
स्पीकर जागच्या जागी. पोती नाहीत. भिंती त्याच. पाठ केली की डावा स्पीकर माझ्या उजव्या कानाला येतो, फरक एवढाच.
काही नाही, म्हणालो. कप हातात घेतला. भजन बंद केलं.

११ एप्रिल, शनि.
वाशीम. कानाचे डॉक्टर. बसमध्ये सारखं मनात, मळ निघो, नुसता मळ निघो. मळ नाही.
मग काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला टूं टूं येत राहिलं, दाबत गेलो. मग डावा. बसून राहिलो. वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडून बाई माझ्याकडेच बघत होत्या.
खंजिरीच्या झांजांसारखे उंच, किणकिणते आवाज डाव्या कानातून गेलेत. परत येणार नाहीत. बँडच्या गाडीवर सात वर्षं कीबोर्ड वाजवला, डाव्या अंगाला भोंगे. त्यानेच असेल, डॉक्टर म्हणाले. हळूहळू जातं, कळत नाही. "आता काम काय करता?"
"शेती," म्हणालो.

१२ एप्रिल, रवि.
मालेगावच्या एका गायकाचा फोन आला, दोन गाणी करायची म्हणून. उचलला नाही. डावा कान बोटाने बंद करून घरभर फिरलो. मग उजवा बंद करून. दुसऱ्यांदा वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकूच आली नाही.

१३ एप्रिल, सोम.
भिजलेली चार पुन्हा वाळेपर्यंत रिसोडला जाणं लांबलं, म्हणून दादा पोती परत आत आणत होता. "कोन्या भिंतीले लावू? तुले तरास नको." तेव्हा राहवलं नाही. त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, सगळं सांगितलं. हळद फुकट भिजवली, तेही.
त्याने हाताची हळद झटकली. मग, "लाव तुह्यं भजन."
दुसऱ्या जोडीवर लावलं.
"खंजिरी कशी आहे?"
"मोठी हाय बावा."
कमी केली. "आता?"
"अजून कमी कर. ताईचा आवाज येऊ दे ना." त्याने डोळे मिटले होते. मी खंजिरीचा आवाज एकेक घर खाली आणत गेलो. मला तर केव्हाच ऐकू येईनाशी झाली होती.
"बस. आता बराबर हाय."
तिथेच सोडली. दुसरं भजनही तसंच. पाठवून दिलं.

१५ एप्रिल, बुध.
सु.ताईंचा फोन. दादा समोर वांगी निवडत होता, फोन स्पीकरवर होता.
"आता कसं! भाऊ, तुमचा कान लय तयार हाय. राह्यलेली सहाबी तुमीच करा, मी दुसऱ्या कोनाले देत नाई."
"हो ताई," म्हणालो. तोंडातून निघून गेलं. दादाने वर पाहिलं.

१६ एप्रिल, गुरु.
सकाळी दादाला विचारलं, रविवारी रेकॉर्डिंग आहे, मग सोमवारी बसशील का तासभर?
"त्याईले कानाचं सांगितलं का तू?"
"सांगेन."
"सांगशीन तं बसतो. नाई तं नाई." आणि पाट्या गाडीला बांधून गेला.
दोनदा सु.ताईंचा नंबर काढला, लावला नाही. सांगितलं तर भजनं जातील. भजनंच काय, मालेगावचा गायकही परत फोन करणार नाही. न सांगता एकट्याने केलं तर काय होतं, ते पहिल्याच फोनवर, खंजिरी मोठी म्हणून, त्यांनीच मला ऐकवलंय.
मंडळ रविवारी दहाला येतंय. सांगायला तीन दिवस आहेत.