‘ट’बद्दल माफी मागणार नाही

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (‘तीर्थस्वरूप’मधले ‘ती’ आणि ‘रू’ दोन्ही दीर्घ, हे तपासून मगच लिहिलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? शिडी चढू नका असं मामींनी सांगितलं असेलच आणि तुम्ही ऐकलं नसेलच. रंगाच्या वासाने येणारा खोकलाही कमी असावा. मी बरा आहे, म्हणजे तब्येतीने. बाकी दवाखान्यात सध्या मला सगळे ‘हिंसक’ म्हणून ओळखतात. ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सविस्तर कळवतो.

हाडांच्या विभागात प्लास्टर घालायचं काम माझ्याकडे आहे हे तुम्हाला माहीतच आहे. मारामारीत हात मोडलेली तरुण मुलं येतात आणि विचारलं की सगळी म्हणतात, पडलो. मध्यंतरी एकाला विचारलं, कशावर पडलास, तर म्हणाला, “एकाच्या तोंडावर.” प्लास्टर घट्ट होईपर्यंत त्याला हात हलवता येत नाही आणि मला तो सोडता येत नाही, त्यामुळे बोलणं होतंच. हा पठ्ठ्या इथून सुटला की थेट सळई घेऊन त्याच माणसाकडे जाणार होता. (डाव्या हाताने साधा चमचा धरता येत नाही, सळई कशी धरणार, हे पटवण्यात माझा घसा बसला.) शेवटी घरी गेला. ते मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ठरवलं की अशा मुलांशी बोलण्याचं काम मी रीतसर करावं. मात्र आधी तरुणांमधली हिंसा रोखण्याचं प्रशिक्षण घ्यायचं. प्रमाणपत्र मिळालं तर बोलायचं, नाहीतर तोंड मिटून प्लास्टर घालायचं. मामा, मला ते काम हवं होतं. अजूनही हवं आहे.

प्रशिक्षणाला सगळे डॉक्टर, सिस्टर आणि कोपऱ्यात मी. व्यासपीठावर भला मोठा कापडी फलक, आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘राग आवरा, वैर मिरवा’. मिटवा नव्हे, मिरवा! आणि हाच फलक नंतर माझ्या प्लास्टरच्या खोलीबाहेर कायमचा लागणार होता. मी शिकवणाऱ्या बाईंना हळूच सांगितलं. त्या म्हणाल्या, चहानंतर बघू. चहानंतर सांगितलं तर म्हणाल्या, जेवणानंतर. जेवणानंतर त्यांना जांभया येत होत्या. संध्याकाळी त्याच फलकाखाली सगळ्यांचा हसरा फोटोही निघाला. (त्यात मी वर बघतो आहे.)

दुसऱ्या दिवशी शिकलेलं करून दाखवायचं होतं. सगळ्यांत तरुण म्हणून ‘भडकलेला तरुण’ मलाच केलं. मी उभा राहून म्हणालो, “कृपया लक्ष द्या, मला राग आलेला आहे.” दातांच्या डॉक्टर बाई हसून हसून लाल झाल्या. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असा राग येतो का कोणाला? मनातला खरा राग शोधा, छाती काढा, मान वर करा. मी मान वर केली. वर फलक होता.

पुढचं मला तुटक आठवतं. मी खुर्चीवर चढलो. भडकलेल्या माणसाला विरोध करू नये, त्याचंच वाक्य शांतपणे त्याला परत द्यावं, असं आदल्या दिवशी शिकवलं होतं, आणि त्वचेचे डॉक्टर फार हुशार विद्यार्थी. ते हात पसरून म्हणाले, “तुम्हाला राग आलाय असं मला जाणवतंय.” मी ओरडलो, “तिथे ट हवाय!” ते म्हणाले, “तुम्हाला ट हवाय असं मला जाणवतंय.” मामा, शांत माणसाला वेड लावायचा याहून खात्रीचा उपाय नसेल. मी ‘र’ला हात घातला, त्यांनी माझ्या पायाला घातला (अंतर ठेवा, हाही धडा होता), खुर्ची कलंडली, कापड टरकलं आणि सगळा फलक बाईंच्या अंगावर पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. फलकाच्या आतून बाईंचा आवाज आला, “अहो, हे यात नव्हतं!”

आता लेखी तक्रार झाली आहे. सोमवारपर्यंत माफीपत्र आलं नाही तर प्रमाणपत्र विसरा, असा मोठ्या डॉक्टरांचा निरोप आहे. नाही देणार! माझी शाळा नववीत सुटली असेल, पण मिटवा आणि मिरवा यांतला फरक मला कळतो. तो सळईवाला मुलगा प्लास्टर काढायला येईल, दारात उभं राहून वर बघेल आणि वाचेल, वैर मिरवा. मग माझा घसा कशासाठी बसला होता? खुर्चीबद्दल माफी मागा म्हणाले तर मागेन. फलकाखाली विस्कटलेल्या बाईंच्या केसांबद्दलही मागेन. ‘ट’बद्दल मागणार नाही.

मामींना नमस्कार.

आपला (अहिंसक) भाचा

ता. क. फलक गुंडाळताना नीट पाहिला. ‘र’ची शेपटी अशी झोकात वळवणारा रंगारी मला एकच माहीत आहे. त्याच्याच दुकानात मी अक्षरं गिरवली, आणि वेलांटी चुकली की ब्रशचा दांडा बोटांवर बसायचा. (तेव्हा असली प्रशिक्षणं नव्हती.) मी कोणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही. नवा फलक सोमवारी सकाळी मिळावा. चष्मा लावून रंगवावा.

ता. क. २. माफीपत्र सोबत जोडलं आहे. मीच लिहिलं आहे, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. चूक माझी नसल्यामुळे सही मात्र केलेली नाही. ती जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. सही सावकाश करा. तुमच्या आडनावात ट आहे.