आतून कडी

नांदेड, ३ ऑगस्ट २०२५

चि. श्रीशैल यास अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

फोन मुद्दाम केला नाही. तू तो स्पीकरवर टाकतोस आणि आप्पा सगळं ऐकतात. घरामागच्या खोलीत लोखंड कापायचं मिलिंग मशीन आणतोयस असं ह्यांनी सांगितलं आणि माझं काळीजच हललं रे. आप्पा कारखान्यात असताना त्यांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा, शिवदार, ड्रिलमध्ये गुंतला होता. तू लहान होतास, तुला आठवत नसेल. मी दवाखान्यात त्यांचा गळा बघितलाय. तरीही लिंग काढून ठेवा म्हटलं की म्हणतात, ते माझ्यासंगं मातीत जाईल. आता तू दिवसभर बाजारात, मशीन घरात, आणि त्यांचे हात शिवशिवणार.

लहानपणी आईचं शिलाई मशीन खोलून ठेवलंस, ते अजून जुळलेलं नाही. तुझा काही नेम नाही. नको आणूस बाबा.

जीव टांगणीला आहे, लवकर उत्तर दे.
तुझी अक्का, मंजुश्री


लातूर, ११ ऑगस्ट

ती. अक्कास शरणु शरणार्थी. वि. वि.

त्या शिलाई मशीनचं तू मरेपर्यंत काढणार हायस! मी काय खेळणं आणायलोय का? इथले दालमिलवाले सुट्या भागांसाठी पुण्याला धावतात, ते आपण घरीच करून द्यायचे. तयार सीएनसी, म्हंजे कंप्युटरवर चालणारी मशीन, आपल्या आवाक्यात नाही. म्हणून आधी हातानं चालवायची लहान मशीन घ्यायची अन् पुढं तिलाच मोटरी अन् कंट्रोलर बसवायचा.

दोन बघितल्या. उदगीरची गोल खांबाची लई स्वस्त होती, पण तिचं डोकं वरखाली केलं की बाजूला फिरतं, धरलेलं माप जातं. हातानं आपण सांभाळून घेऊ, कंप्युटर कसा घेईल? दुसरी इथलीच, चौकोनी खांबाची. डोकं सरळ रेषेत चढतं-उतरतं. टेबलाखाली हात घालून बघितलं, मोटरीनं टेबल सरकवणारा बॉल स्क्रू बसवायला जागा हाय. तीच ठरवली. अन् अक्का, सीएनसी झाली की चारी बाजूंनी पेटी बसंल. कटर आत, माणूस बाहेर. मला का आप्पांच्या जिवाची भीती वाटत नाही? बघायला ते माझ्यासोबत निघाले होते, मी नेलं नाही. तवापासून रुसून बसलेत.

दाजींना शरणु सांग. माझ्यावर रागावू नको.
तुझा श्रीशैल


नांदेड, १८ ऑगस्ट

चि. श्रीशैल यास अ. उ. आ. वि. वि.

पुढं पुढं काय करतोस, पुढं म्हणजे कधी? पेटी बसेपर्यंत हातानंच चालवणार ना? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. स्वयंपाकघरात मिक्सर लावला तरी दचकते.

ठरवलीस ती ठरवलीस. आता एवढं ऐक. काम करताना खोलीला आतून कडी घाल. तू नसशील तेव्हा बाहेरून कुलूप, आणि किल्ली तुझ्या खिशात. आप्पांनी आत पाऊल टाकायचं नाही. चिडले तर चिडू देत, अक्कानं शपथ घातलीय म्हणावं.

तुम्हा दोघांना माझं आयुष्य लाभो.
अक्का


लातूर, २ सप्टेंबर

चि. सौ. मंजुश्रीस आप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

श्रीशैलला काल दवाखान्यातून घरी आणलं. आधीच सांगतो, जिवावर बेतलं होतं, निभावलं. फोनवर तुला गाडीवरून पडला म्हणालो, ते खोटं हाय.

मशीनवर वाकून मापाची रेघ बघत होता. सदऱ्यातनं शिवदार बाहेर लोंबलं अन् कटरनं ओढून घेतलं. त्याचं, माझं न्हाई. माझ्यावर पहारा ठेवता ठेवता पोरानं स्वतःच्या गळ्याकडं बघितलंच न्हाई. मी ओसरीत होतो. मोटरीचा आवाज एकदम दबला. दाराशी पळालो, तर आतून कडी. हाका मारल्या, खांदा लावला. पोरी, माझ्याच घरातल्या दारावर मी डोकं आपटलं. मग मीटर आठवला. पुढच्या भिंतीशी पळालो, मेनचा खटका खाली ओढला. शेजारच्या चंद्रप्पानं पहारीनं दार तोडलं. तो टेबलावर आडवा, तोंड निळं पडलेलं. शिवदार मीच कैचीनं कापलं. लिंगाच्या दोऱ्याला कैची लावायची येळ येईल असं उभ्या जन्मात वाटलं नव्हतं.

तुला दोष देत न्हाई. तू भिऊन सांगितलंस, तो भिऊन वागला. मी बी लई भ्यालो. डॉक्टर म्हणतात आवाज येईल, पण सध्या बोलायचं न्हाई. पाटीवर लिहितो. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय लिहिलं असंल? मशीनचं माप हललं का म्हणून! हसावं का रडावं कळंना.

लिंग आता आम्ही दोघांनीबी दंडाला घट्ट बांधलंय. मशीन विकायची न्हाई. पेटी बसंपर्यंत तो चालवंल अन् मी खोलीत बंद करायच्या बटनापाशी बसंन. सुतार नवं दार घेऊन आला होता, त्याला मी परत पाठवलं.

जावईबापूंना शरणु. लांबून लावलेली माया लई झाली पोरी. भ्यायचंच असंल तर इथं ये अन् माझ्या शेजारी बसून भी.

तुझा आप्पा,
माणिकप्पा