तांदूळ ओलसर असताना

९ ऑक्टोबर, गुरुवार
रेवाचा फोटो आला. केसांच्या बारीक वेण्या, डोक्याला घट्ट चिकटलेल्या. मागे उभ्या बाईच्या हातात कंगवा. ही मामा नीमा. टांझानियातल्या खेड्यात रेवा जूनपासून शाळेत गणित शिकवते, बिनपगारी, आणि राहते हिच्या घरी. माझ्याकडून वेणी घालून घेणं रेवानं सातवीतच बंद केलं होतं.
फोटोला नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. 

११ ऑक्टोबर, शनिवार
तिकडे बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात. मामा म्हणजे तिकडे आई; नीमाची आई, म्हणून मामा नीमा. नीमा शहरात नोकरीला असते, रेवा तिच्याच खाटेवर झोपते. आज फोनवर हसत सांगत होती, "आई, आता शेजारचे लोक तिले मामा रेवा म्हणून राह्यले."
मी म्हटलं, छान.
बावीस वर्षं या गल्लीत मी रेवाची आई आहे. माझं स्वतःचं नाव पोस्टमनला तेवढं माहीत असेल.

१२ ऑक्टोबर, रवि.
रे. ला दिवाळीत तिथे अनारसे करायचेत. मामा नीमाला खाऊ घालायचे म्हणे. कृती विचारली. सगळं सांगितलं. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, पंचावर पसरून वाळवायचे, कुटायचे, गूळ, डब्यात मुरवायचं, खसखशीची बाजू वर, उलटायचे नाहीत.
एक सोडून. तांदूळ ओलसर असतानाच कुटायचे, नाहीतर अनारसा कढईत मोडतो, ते नाही सांगितलं.
जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मामाचं लाकडी उखळ आहे, ती म्हणते मी कुटून देतो." आणि मी पुढच्या पायरीवर गेले.
विसरले असं इथे लिहिता येत नाही.

१३ ऑक्टो.
मोताळ्याची बस उशिरा. मी शिकवते त्या शाळेत, सोबतच्या शोभाताईंनी रेवाचा फोटो पाहिला. "काय वं, पोरीले तिकडं दुसरी माय भेटली म्हण की." सगळ्या हसल्या, मीही हसले. मग चौथीच्या वर्गावर उगाच ओरडले. एका मुलीनं घाबरून पाटी पालथी ठेवली.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी
उटणं भिजवलं दोघांपुरतं. यांच्या पाठीला तेल लावलं. दरवर्षी रेवाची कुरकुर असते, थंडी वाजते, पाणी कढत आहे, आई डोळ्यात गेलं. आज न्हाणीघर लवकर रिकामं झालं.
अकराला फोन. रे. नं मामा नीमाला आमची पद्धत सांगितली होती. त्या बाईनं पहाटे उठून पाणी तापवलं आणि तिला खोबरेल चोळलं. पाठीला, पायांना, टाळूला. "आई, तुह्यापेक्षा जोर आहे तिच्या हाताले."
हे म्हणाले, "बरं झालं नं, लेकरू बिनतेलाचं नाही राह्यलं."
बरं झालं हे मलाही कळतं. पण टाळूवर तेल...

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
अनारसे हसले. तिथले. कढईत टाकल्याबरोबर भुगा.
मला काय वाटलं ते लिहिते. आधी बरं वाटलं. लक्ष्मीसमोर वाती करत होते आणि बरं वाटलं.
मग रेवा म्हणाली, मामा नीमानं सगळा भुगा झाऱ्यानं काढला, त्यात ओलं खोबरं घातलं, लाडू वळले. शाळेतली सगळी मुलं येऊन खाऊन गेली. आता दर रविवारी करा म्हणतात.
माझे अनारसे यंदा जाळीदार झालेत. डबा भरलेला आहे. खायला दोन माणसं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
डिसेंबरात परत यायचं ठरलं होतं. आता शाळेनं विचारलंय, जूनपर्यंत थांबता का. रेवाला थांबायचंय, आवाजावरून समजलं. म्हणाली, "तू हो म्हटलं तरच. पाच तारखेपर्यंत सांग."
मला कशाला विचारते? तिथे एक आई आहे ना.
हे तोंडावर बोलले नाही, इथे लिहिते आहे.

२६ ऑक्टो., रविवार
हे कोर्टातल्या साध्या अर्जाचाही चार दिवस विचार करणारे. आज चहा पिता पिता म्हणाले, "मी तर हो म्हणलो असतो. तू काऊन अडून राह्यली?"
"तिची आठवण येते म्हणून."
"आठवण मलेही येते. तुह्यं वेगळंच काही दिसते."
बशी उचलून आत गेले मी.

१ नोव्हेंबर, शनिवार
मामा नीमा पहिल्यांदा समोर बसून बोलली, व्हिडिओवर. माझ्याच वयाची असेल. पुढचा एक दात नाही. ती बोलायची, रेवा मराठी करायची. नीमा नाताळात घरी येणार आहे. तीन वर्षांनी. तिच्यासाठी अनारसे करायचेत, मोडलेले नाही, पूर्ण. तांदळाचं आमचं काय चुकलं, तुम्ही सांगा.
हात जोडून विचारलं. हात जोडायला रेवानंच शिकवलं असणार.
मी म्हटलं, ओलसर असतानाच कुटायचे.
"हे तू मले सांगितलंच नाही, आई."
"नाही सांगितलं."
"विसरली?"
"नाही. तू तिच्या उखळाचं बोलली आणि मी गप्प राहिले."
रेवानं मामा नीमाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे हिले कसं सांगू?"
"सांग जसं आहे तसं."
तिनं सांगितलं. मामा नीमा ऐकत होती, नजर माझ्यावर. मग हसायला लागली. तोंडावर हात न धरता, दातातली फट दिसेपर्यंत. हसणं थांबल्यावर हळूच काहीतरी बोलली, दोनच वाक्यं.
"काय म्हणते?"
"नंतर सांगतो," रेवा म्हणाली. डोळे पुसत होती. रागानं का कशानं, त्या लहानशा पडद्यावर दिसलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
रे. चा निरोप. मामाची ती दोन वाक्यं त्यात नाहीत, एवढंच: मामानं तांदूळ भिजत घातले, आधी करून पाहते म्हणे.
मीही घातले. दिवाळी सरल्यावर अनारसे? म्हणून हे पाहत राहिले. 

३ नोव्हें., सोम.
बसला जायच्या आधी पाणी बदललं. तिकडे अडीच तास मागे, म्हणजे ती अजून झोपली असेल, नीमाच्या खाटेवर. उठल्यावर बदलेल. की मामा नीमाच बदलेल.
तांदूळ बुधवारी निथळायचे. रेवाला उत्तर द्यायची पाच तारीखही बुधवारीच.