उमेदवाराचं मत

मलकपेठ, हैदराबाद

प्रिय रोशनी,

सप्रेम जयभीम. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या लेकीला मी आबिड्सच्या पोस्टातून पत्र पाठवतेय, याचं हसू येतं आणि रडूही. तू फोन उचलत नाहीस. दारात आले तर तुझी सासू चहा देते, पण तू खोलीतून बाहेर येत नाहीस. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, माहीत आहे. अडखळत वाच, पण शेवटपर्यंत वाच. परवा जे ऐकलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही.

बाबांना कॉर्पोरेशनचं तिकीट मिळालं तेव्हा सगळ्यांत जास्त कोण नाचलं, आठव. तुझे सासरे! आरटीसी बसच्या नोकरीतून रिटायर झालेल्या यादगिरी अण्णांनी गळ्यात डप्पू अडकवला आणि मिरवणुकीच्या पुढे वाजवत निघाले, तुझ्या लग्नात वाजवला होता तसाच. आपण मराठी बौद्ध, ते तेलुगू मादिगा. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. त्या दिवशी तीच माणसं एका मिरवणुकीत चालत होती आणि माझा ऊर भरून आला होता.

मग पक्षानं भूमिका जाहीर केली, की अनुसूचित जातींच्या आरक्षणात जातवार वाटे नकोत. मादिगा लोक इतकी वर्षं ज्या वेगळ्या वाट्यासाठी भांडत आले, त्यालाच नकार. वरच्यांचा हिशेब असा, की त्यांची मतं गेली तरी बाकीची एकगठ्ठा येतील. बाबांना हे तुझ्या-माझ्यासारखंच टीव्हीवर कळलं. तरी संध्याकाळच्या सभेत त्यांनी तेच भाषण घडाघडा केलं. तू बाळाला घेऊन समोर उभी होतीस. अण्णांनी डप्पू गळ्यातून काढला, कापडात गुंडाळला आणि चालू लागले. त्यांच्यामागे तूही गेलीस.

पुढचा प्रचार म्हणजे नुसती भीक मागणं. तुमच्या वस्तीत दार उघडेना. अण्णांच्या शेजारणीनं तर तोंडावर सांगितलं, "अम्मा, चाय पिलाते, वोट नक्को पूछो." आणि ती एकगठ्ठा मतं? विहारातसुद्धा दोन तट पडले. काही म्हणाले, बरं झालं. काही म्हणाले, आपलं जेवण झालं म्हणून मागच्यांची पंगत उठवायची का? मी मात्र पाय सुजेपर्यंत फिरले. ज्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती त्यांच्यापुढे हात जोडले. नवरा उभा होता ना!

सपाटून हरलो. त्याचा धक्का नाही गं. निकालाच्या दुपारी मी ताट वाढता वाढता सगळ्या जगाला शिव्या घालत होते. म्हटलं, लेकीनंही पाठ फिरवली, घरची म्हणून आपली दोनच मतं. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "दोन नाही, मनकर्णा. एकच. तुझं."

हातातली पळी तशीच राहिली. मशीनवर स्वतःचं नाव दिसलं, फोटो दिसला, आणि बोट पुढे जाईना म्हणे. वाटे द्या म्हणणाऱ्या पक्षाचं बटण दाबून आले! मी दारोदार वणवण करतेय आणि उमेदवारानंच उमेदवाराला पाडलं. मी ताट उचलून परत आत नेलं. अहो, मशीनला खरं सांगितलंत, मग माइकवर काय जीभ झडली होती? असं ओरडले मी. ते लहान मुलासारखे रडले.

मत गुप्त असतं, कुणाला सांगू नकोस, असं बाबा म्हणतात. मी नाही ऐकणार. रविवारी त्यांना घेऊन अण्णांच्या दारात येतेय. जे मशीनला सांगितलं ते त्यांनी वस्तीसमोर तोंडानं सांगायचं. पण हे पत्र त्यासाठी नाही, रोशनी. त्या दुपारपासून एकच गोष्ट मला खातेय. बाबा तुझ्याविरुद्ध बोलले, पण मत तुझ्या बाळाला देऊन आले. मी एक शब्द बोलले नाही, आणि या घरातून तुझ्याविरुद्ध पडलेलं एकमेव मत माझं आहे. रविवारी बाहेर ये. बाबांवर नंतर रागाव, आधी माझ्यावर.

तुझ्या दाराशी येणारी,
तुझीच
आई