एकाच फांदीवरच्या बहिणी

बाबा,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आज कल्याणात, दादाच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या टोपलीतून शेवटचं फुलपाखरू बाहेर आलं. काळे पंख, मधोमध पांढरे ठिपके, खालच्या कडेला लाल चंद्रकोरी. त्याची आई अगदी साधी होती, काळी, एकच पांढरा पट्टा असलेली. तिला अंडी घालताना मी पाहिलं, फांदी तोडली, टोपलीला फडकं बांधलं. काही लेकी आईसारख्या निघाल्या, काही अशा लाल ठिपक्यांच्या. म्हणजे तुमचंच खरं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी टोपली धुऊन उन्हात पालथी घातली आणि भाकऱ्या करायला बसले.

ठाण्याला तुम्ही फुलपाखरं जमवणाऱ्या साहेबांसाठी त्यांची चित्रं काढत होता. नवरा गेल्यावर मी परत आले, त्या वर्षी परसातल्या कागदी लिंबाची, एकाच मादीनं अंडी घातलेली फांदी तुम्ही माझ्या हाती दिलीत. "अळ्यांना रोज कोवळा पाला घाल. तुझाही वेळ जाईल," म्हणालात. मी पाला घालायचे, घाण काढायचे, फडकं पुन्हा बांधायचे; त्या महिन्यांतलं दुसरं काही आठवत नाही. दोन तऱ्हेच्या माद्या निघाल्या तेव्हा हातातल्या ओल्या कुंचल्यासकट तुम्ही चुलीपाशी धावत आलात. "अगं, या सख्ख्या बहिणी आहेत!"

साहेबांच्या पेटीत मात्र अशा माद्या वेगवेगळ्या खणांत होत्या, दोन वेगळ्या जाती म्हणून, दोन नावांखाली. ते आपल्या ओटीवर आले, टोपली पाहिली. "तुमच्या घरात कुणीतरी अळ्या मिसळल्या," म्हणाले. तुम्ही दाराकडे वळलात. "बाळ, पाल्याबरोबर दुसरीकडची अळी आली होती का गं?" मी दाराआड उभी होते. पाला आपल्याच झाडाचा, एकेक पान उलटंसुलटं बघून घातलेला. मी बोलले नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत. साहेब हसले, आणि तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चूक झाली असेल."

दोन चित्रं दोन नावांनी साहेबांकडे गेली. तुम्ही पुन्हा अळ्या पाळल्या नाहीत, मला एका शब्दानं बोलला नाहीत. शेवटच्या दुखण्यात तेवढं म्हणालात, "घाबरलीस ना तेव्हा? असू दे."

मी घाबरले नव्हते, बाबा. उत्तर मला ठाऊक होतं. तोंड उघडावंसं वाटलं नाही, इतकंच.