टेकडीवरचा गोठा

४ मे
पुन्हा वाद! सासूबाई म्हणतात, बर्फ वितळला, चिखल सुकला, टेकडीवरची जमीन आत्ताच साफ करायला घ्यायची. आधी गोठा, मग घर, मग सगळ्यांनी वर. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? "ते नदीला विचार!"

रॉइसला जाऊन अजून वर्ष नाही झालं. मागच्या जुलैत पाणी गोठ्यात शिरलं, तेव्हा तो गाई सोडायला आत गेला. गाई बाहेर आल्या. तो आला नाही. आणि त्याची आई नवा गोठा बांधायला निघालीय. डोळ्यांत टिपूस नाही — तेव्हाही नव्हता.

९ मे
शेजारचा डेलबर्ट खोदायचं यंत्र घेऊन आला. सासूबाई पुढे, हातात खुंट्यांची मोळी. "दार पूर्वेला. ह्या अंगानं हिवाळ्यात वारा झोडपतो. ती मेपलची झाडं राहू देत, ही दोन पाड." डेलबर्ट म्हणाला, "ॲल्विना, यंत्र तूच चालव. मी घरी जाऊन जेवण रांधतो."
"तुझ्या हातचं माझ्या गाईसुद्धा खायच्या नाहीत!"
मी हसले. रॉइस गेल्यापासून पहिल्यांदा. मग दिवसभर स्वतःचाच राग.

१० मे
दगड. नुसते दगड.

२ जून
अजून दगडच. व्हरमाँटची जमीन पिकवते काय, तर दगड. आम्ही दोघी वाकून वेचतोय, बांधावर रचतोय. आज न राहवून विचारलं, "आई, तुम्हाला त्याची आठवण येत नाही?"
त्यांनी कंबर सरळ केली. क्षणभर वाटलं, बोलतील.
"बादली उचल, नोरीन. ऊन चढतंय."
इथे लिहून टाकते, दुसरं कुणाला सांगू — मला ह्या बाईचा तिटकारा आलाय.

१९ जून
वर जायचं नाही मला. दूध काढायला जुन्या गोठ्यात गेले की थोडा वेळ तशीच बसून राहते. तो शेवटचा उभा होता ती जागा सोडून कुठे जाऊ? चार वर्षांचा तर संसार. सासूबाई दारातून बघतात, निघून जातात. दगड वेचून वेचून दगडच झाल्यात.

७ ऑगस्ट
डेलबर्टनं खडी आणून पसरली, दाबली. एवढ्या उतारावर एक सपाट चौकोन! त्याच्या वरच्या बाजूला घराच्या खुंट्या. स्वयंपाकघर कुठे काढायचं, मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तुला हवं तिथे." ह्या घरात मीठ कुठे ठेवायचं तेसुद्धा त्याच ठरवतात!

२१ सप्टेंबर
खांब उभे राहिले. गावातली माणसं आपणहून आली. डेलबर्टच्या बायकोनं बीन्स आणि ॲपल-पाय आणला, फळ्यांवर बसूनच सगळे जेवले. बोलता बोलता मी सांगून गेले — दुधाची टाकी इथे, वासरं तिथे उन्हात, कोंबड्या मागे. बराच वेळ बोलत होते म्हणे. मग लक्षात आलं, तेवढ्या वेळात तो माझ्या मनात नव्हता!

सासूबाई ताट घेऊन लांब बसल्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या.

३० ऑक्टोबर
छप्पर झालं. उद्या गाई वर न्यायच्या. नाताळपर्यंत घरही उभं राहील, तोवर मी डेलबर्टकडे झोपायचं, असं सासूबाईंनीच ठरवून टाकलंय. स्वतःचं काय, ते सांगत नाहीत.

३१ ऑक्टोबर
गाई गेल्या. मी सासूबाईंचे कपडे पेटीत भरायला घेतले, तर त्यांनी एकेक काढून परत कपाटात ठेवले.
"मी येत नाही, नोरीन."
"मग हे सगळं कुणासाठी केलंत?"
"तुझ्यासाठी. इथे राहिलीस तर तूही जाशील. तुला बाहेर काढायचं होतं."
"आणि तुम्ही? पुन्हा पाणी आलं तर?"
त्या खाटेवर बसल्या. आणि रडल्या — तोंडात शर्ट कोंबून. रॉइसचा होता.
"तो खाली चर्चमागे निजलाय गं. मी वर कशी झोपू?"