धुऱ्यावरच्या संत्र्याचा कोळसा

१२ एप्रिल २०१९, शुक्रवार
प्रणालीचा अमरावतीहून फोन. दिवा लागला म्हणते. माझ्या लेकीची लेक, कॉलेजात संशोधन करते. सहा बरण्या, प्रत्येकीत मातीचं मडकं, मडक्यात नाल्याचं पाणी नि शेण. त्यात मी पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा म्हणून पाठवलेला कोळसा, मशीनवर इतका बारीक केलेला की डोळ्याला दिसू नये. जंतू वीज सोडतात, कोळसा ती उचलतो. नॅनो म्हणतात त्याला.
"आबा, बाजारातल्या मालापेक्षा तुमची पऱ्हाटी भारी."
बरं म्हणालो. फोन हिच्याकडे दिला. जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल
लिहूनच ठेवतो. सांगणार कोणाला.
बोंडअळीमुळे यंदा सगळ्यांनी पऱ्हाट्या लवकर उपटून रोटाव्हेटर फिरवला. माझ्याकडे कोळसा करायचा अर्धा ड्रम भरेल एवढीच उरली. ड्रम अर्धा ठेवला की आत हवा राहते, सगळ्याची राख होते. तो गच्च भरावाच लागतो. धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, संत्र्याचं झाड मागच्या उन्हाळ्यात वाळलं होतं. हात तिकडे गेला. फांद्या तोडून ड्रम भरला.
त्या झाडाखाली आमचा पहिला मुलगा आहे. नऊ दिवसांचा. नावही ठेवलं नव्हतं. एवढ्याशांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. वर मोर्शीहून आणलेलं रोप मीच लावलं. याचं लाकूड विस्तवात जाणार नाही, असा शब्द हिने घेतला होता. सेहेचाळीस वर्षांत चुलीत काडी गेली नाही.
आता बुंधा उरला.
गुडघ्यांमुळे ही दोन वर्षं शेतात आली नाही. रोज संध्याकाळी विचारते, "झाडाले पाणी टाकलं काय?"
"टाकलं."
आजही तेच.

१८ एप्रिल
प्र.ला आणखी कोळसा हवा. शेजारच्या सलीमभाईंच्या धुऱ्यावर पऱ्हाटीचा ढीग होता, तो मागितला. आज ड्रम लावला. निव्वळ पऱ्हाटी, गच्च.
सलीमभाई म्हणाले, "काय काका, म्हातारपणी लोहाराचा धंदा धरला काय? काकू घरात घेते का असं काळं तोंड?"
हसलो. ड्रमच्या झाकणातून धूर निघत होता तोवर तिथेच बसलो. वास वेगळा. त्या दिवशीच्या धुराला संत्र्याच्या सालीसारखा वास होता. आता आठवतो.

२५ एप्रिल
प्र. एसटीने आली. नव्या कोळशावर दिवा लागत नाही.
"आबा, पयल्या वेळी काय येगळं केलं? आठवा ना."
"तेच केलं."
"मशीनखाली पाह्यलं मी. पयल्या कोयशाची छिद्रं येगळी हायेत. दोन झाडं वाटतात."
बकरी बांधायला म्हणून उठलो. बकरी बांधलेलीच होती.
मोबाईलवर दिव्याचा फोटो दाखवला. काळोखात लाल ठिपका, मसुरीच्या डाळीएवढा. डोळे मिटले की दिसतो. उघडे ठेवले तरी

३० एप्रिल
अमरावतीला गेलो. हिला सांगितलं, डोळे दाखवायला.
प्र.ची खोली. खिडक्यांना काळं कापड. बरण्यांमधून बुडबुडे, गोठ्यासारखा वास. ठिपका मिणमिणत होता.
"भुकेला झाला का असा मंद होते," ती म्हणाली. चमच्याने साखरेचं पाणी घातलं. "आता पाहा थोड्या वेळानं."
पाहवेना. पाठही फिरववेना. नवव्या दिवशी हिने बोट भिजवून साखरेचंच पाणी लावलं होतं त्याच्या ओठाला. घेतलं नाही.
हा घेत होता.
तिथेच सगळं सांगून टाकलं. पोरीने चमचा खाली ठेवला.
"मी सगळीकडं पऱ्हाटी लिहून बसली, आबा. सरायकडं गेलं ते."
"आता?"
"खोडावं लागंन. खोटं कसं ठेवू? अन् आजीले तुमीच सांगा. मी नाई सांगत."
थोड्या वेळाने, "लाकूड उरलं काय हो?" असं विचारलं, आणि लगेच खाली पाहू लागली.
बुंधा आहे, म्हणालो.

५ मे
अक्षय तृतीया, आमची आखाजी, परवावर आली. सांगायचं म्हणून हिच्यासमोर बसलो. ही वाती वळत होती.
"एक सांगू काय," म्हटलं.
"मी पयले सांगतो," ही म्हणाली. "आखाजीले मी वावरात येतो. सलीमभाईले आटो सांगून ठेवला. मेलेल्यायले पाणी देतो आपण, त्यालेच का नाई? झाडाले एकडाव हात लावून येतो."
"गुडघे?"
"गुडघे माये हायेत. तुमी काहून घाबरता?"

७ मे, आखाजी
सकाळीच प्र. आली. संत्र्याच्या क्रेटमध्ये सहाही बरण्या. आजीनेच फोन करून आणायला सांगितल्या म्हणे. दार लोटून दिवा दाखवला. ही किती तरी वेळ पाहत बसली. मग बोट लावलं.
"चटका नाई बसत."
"थंडा हाये, आजी."
"मंग हाच ठेवू त्याच्यापाशी. तेलाचा वाऱ्यानं इझते."
प्र. माझ्याकडे पाहू लागली. मी आखाजीच्या घागरीकडे.
आता दोघी ऑटोत बसल्या आहेत. क्रेट हिच्या मांडीवर. सलीमभाई हॉर्न देतात. चप्पल सापडत नाही म्हणून आत आलो. चप्पल पायातच आहे. बुंध्याचं अजून सांगितलेलं नाही. ही हाक मारते आहे,